तलवारीचे किताब

कावेरीकाठच्या कुंभकोणम् येथे १८२८ साली एका मराठी देशस्थ घराण्यात जन्मलेले माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. १८७५ मध्ये ते बडोद्यास आले, तेव्हा गादीवर नुकतेच दत्तक आलेले सयाजीराव बारा वर्षांचे होते. त्या बालराजाच्या नावामागे ‘सेना खासखेल समशेर बहाद्दर’ ही बिरुदावली लागत असे. राजा अजाण आणि दिवाण लेखणीचा धनी; समशेर दोघांपैकी एकानेही गाजविलेली नव्हती. मग हा किताब तेथवर आला कसा?

त्याचे मूळ १७२० सालच्या बाळापूरच्या लढाईत सापडते. निजामाविरुद्ध सय्यद बंधूंच्या बाजूने मराठी फौज तेथे उभी होती आणि सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या हाताखाली दमाजी गायकवाड लढत होते. लढाई निजामाने जिंकली. परंतु दमाजींनी त्या दिवशी जे शौर्य दाखविले, त्याबद्दल शाहू महाराजांनी त्यांना ‘समशेर बहाद्दर’ केले. पराभवातून मिळालेला मान तो हाच! दमाजी लवकरच वारले. किताब मात्र पुतणे पिलाजी यांच्याकडे व पुढे वंशाकडे चालत राहिला.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. सरनोबत हे पद होते; त्याच्यामागे घोडदळ असे, जबाबदारी असे आणि ते काढूनही घेता येई. किताब हा पराक्रमावर उमटलेला शिक्का. तो कित्येकदा माणसाचे नावच गिळून टाकी. कुडतोजी गुजर ‘प्रतापराव’ झाले आणि १६७४ मध्ये नेसरीच्या रणात पडले. त्यांचे मूळ नाव आज मुद्दाम सांगावे लागते. त्यांच्या मागून सरनोबत झालेले हंसाजी मोहिते ‘हंबीरराव’ म्हणूनच इतिहासात राहिले. ‘हंबीर’ हा शब्द तर मूळ अरबी ‘अमीर’, संस्कृताचा वेष घेऊन आलेला. बाजीराव व मस्तानी यांच्या मुलाच्या बाबतीत उलटाच प्रकार झाला. पानिपतावर जखमी होऊन १७६१ मध्ये मरण पावलेला हा वीर ‘समशेर बहाद्दर’ याच नावाने ओळखला जातो. किताबच त्याचे नाव होऊन बसला.

हंबीररावांची तलवार कावेरीच्या मुलुखाजवळही येऊन गेली होती, आणि तो प्रसंग सुखाचा नव्हता. १६७७ च्या जुलैत शिवाजी महाराज व तंजावरचे व्यंकोजी राजे या सावत्र भावांची भेट कोळ्ळिडम् नदीच्या काठी तिरुमळपाडीस झाली. वडिलांच्या दौलतीची वाटणी जमली नाही. महाराज परतल्यावर नोव्हेंबरात व्यंकोजींनी चाल केली आणि वालिकंडपुरम् येथे हंबीररावांच्या फौजेने त्यांचा मोड केला. एकाच घराण्याचे पाईक दोन्ही बाजूंनी पडले.

मात्र ज्याने तरुणांच्या हाती पट्टा दिला, मनगट फिरवायला शिकविले आणि पवित्रा बसवून घेतला, त्याला दरबारी बिरुद नसे. आखाड्यात त्याला ‘वस्ताद’ म्हणत. हा शब्दही फारसीतूनच, ‘उस्ताद’वरून आलेला. संस्थानिकांच्या पदव्यांची शासकीय मान्यता १९७१ मध्ये गेली. तालमीतला वस्ताद अजून वस्तादच आहे.