अमावास्येचा भुंगा

भीमाशंकरच्या जंगलात अमावास्येच्या रात्री विजेरी विझवली, की शेजारी उभा असलेला माणूसही दिसेनासा होतो. अशा मिट्ट काळोखात एक भुंगा वठलेल्या खोडातल्या बिळातून बाहेर पडतो, फांद्या चुकवत फुलांपर्यंत पोचतो आणि तेच इवलंसं भोक शोधून परत येतो. शास्त्रीय नाव झायलोकोपा ट्रँक्वेबारिका. चंद्र नसलेल्या रात्रीही उडणारी मधमाश्यांच्या गोतातली दुसरी जात अजून माहीत झालेली नाही.

दिवसाचा भुंगा सगळ्यांच्या ओळखीचा. वाशाला गोल भोक, खाली भुश्याची बारीक रास आणि डोक्यावर घोंघावणारा काळाभोर कीटक. त्याला पोळं नाही, कामकऱ्यांची फौज नाही. सुतारकाम सगळं मादीचं. ती जबड्यानं लाकूड कोरते, पण खात नाही. तिचं अन्न मधुरस आणि पराग. बोगद्याच्या टोकाशी ती या दोन्हींचा गोळा ठेवते, त्यावर एकच अंडं घालते आणि भुसा लाळेत कालवून भिंत घालते. मग पुढची खोली. अंगावर झेपावून घाबरवणारा बहुधा नर असतो. त्याला नांगीच नसते!

भीमाशंकरला भुंग्यांच्या तीन जाती शेजारी राहतात. एक फक्त दिवसा उडते, दुसरी दिवसा आणि चांदण्या रात्रीही, आणि तिसरी हा आपला रात्रभुंगा. नवल त्याच्या डोळ्यांचं आहे. पतंगाच्या डोळ्यात शेकडो भिंगांतला उजेड एका जागी गोळा होतो, म्हणून त्याला रात्र सोपी जाते. मधमाशीच्या डोळ्यातलं प्रत्येक भिंग मात्र आपल्यापुरताच उजेड घेतं. ही रचना उन्हाची. रात्रभुंग्याचे डोळेही याच घडणीचे, फक्त भिंगं मोठी. कपाळावरचे तीन साधे डोळेही चांगलेच टपोरे.

त्याला रंग दिसतात का, हे हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस, एरिक वॉरंट आणि अल्मुट केल्बर या संशोधकांनी याच जंगलात तपासलं. बिळाच्या तोंडाशी रंगीत खूण लावून भुंग्यांना तिची सवय होऊ दिली, मग ती करड्या छटांच्या खुणांमध्ये ठेवली. नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात माणसाला सारं करडंच दिसतं. भुंग्यांनी आपला रंग बरोबर ओळखला. 2008 साली ‘करंट बायॉलॉजी’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

रात्रीच्या या फेऱ्यांवर झाडांचंही पोट पिकतं. सह्याद्रीतल्या वारस वृक्षाची पांढरी, सुगंधी फुलं रात्री उमलतात आणि त्यांचं परागीभवन चांदण्यात उडणारी दुसरी जात करते. सोमनाथन आणि बोर्जेस यांनी 2001 मध्ये ते मांडलं.

वठलेलं झाड निकामी समजून जळणासाठी आधी तोडलं जातं. रात्रभुंग्याचं बिऱ्हाड मात्र अशाच सुक्या खोडात असतं, आणि कुऱ्हाड चालते तेव्हा, भर दिवसा, तो आत विसावलेला असतो.