एक हाड आणि चौतीस लाख पुरुष
मांडीचं हाड मोजायला खास फळी असते. एका टोकाला पक्की उभी पट्टी, दुसरीकडे सरकती. हाड आडवं ठेवायचं, खुब्याकडचा गोळा पक्क्या पट्टीला टेकवायचा, गुडघ्याकडच्या टोकाला सरकती पट्टी भिडवायची आणि हाड थोडं हलवत सगळ्यांत मोठा आकडा टिपायचा. समजा, आला ४५ सेंटिमीटर. मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डिन ग्लेसर यांचं गोऱ्या अमेरिकी पुरुषांची उंची काढण्याचं १९५२चं सूत्र म्हणतं, २.३८ने गुणा आणि ६१.४१ मिळवा. उत्तर १६८.५ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फुटांच्या किंचित वर. (आपल्याकडच्या हाडाला हे सूत्र लावायचं नाही. पाय आणि धड यांचं प्रमाण समाजागणिक बदलतं.)

सूत्राच्या शेवटी अधिक-उणे ३.२७ असंही लिहिलेलं असतं. विसांतल्या एकोणीस वेळा बरोबर यायचं, तर हा आकडा दुप्पट करावा लागतो. मग उत्तर होतं १६२ ते १७५. सरासरी उंची १६८.५ आणि प्रमाण विचलन साडेसहा सेंटिमीटर असलेले ५० लाख पुरुष घेतले, तर एवढ्या पट्ट्यात त्यांतले ३४ लाख बसतात! हाडाने काम केलं ते १६ लाख नावं खोडण्याचं. तेच हाड सव्वासहा फुटांच्या आसपासच्या माणसाचं निघालं, तर मागे उरतात पन्नास हजारांच्या आत. तपास अधिकाऱ्याला उंच माणूस परवडतो.

मापं वाढवली तर? पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या आल्फाँस बर्तियाँने १८८०च्या दशकात नेमकं तेच केलं. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, मधलं बोट, डावं पाऊल अशी एकूण अकरा मापं. दोन माणसांचं एक माप जुळण्याची शक्यता चारांत एक धरली, तर अकराच्या अकरा जुळण्याची शक्यता ४१,९४,३०४ मध्ये एक. आकडा भारदस्त आहे, पण गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा एका मापाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. लांब पावलाचा माणूस बहुधा उंचही असतो. फ्रान्सिस गाल्टनने १८८८ साली ३५० पुरुषांच्या मापांवरून उंची आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी यांचा सहसंबंध काढला. तो आला ०.८. थडग्यातल्या हाडावरून उंची काढता येते ती या नात्यामुळे, आणि बर्तियाँचे एकेचाळीस लाख फुगलेले ठरतात तेही याच नात्यामुळे. एकाच गोष्टीने एका शास्त्राला जन्म द्यावा आणि दुसऱ्याची हवा काढावी, हे मला फार आवडतं.

ट्रॉटर-ग्लेसर यांच्या कोष्टकातही हे दिसतं. मांडीच्या हाडाला नडगीच्या हाडाची जोड दिली, की ३.२७ची चूक २.९९वर येते. आख्खं दुसरं हाड मिळून नफा तीन मिलिमीटरांहून कमी! शिवाय नडगी फसवीही निघाली. घोट्याच्या आतल्या बाजूला हाताला लागतो तो उंचवटा याच हाडाचा. ट्रॉटरच्या मापांत तो धरलाच नव्हता, हे १९९०च्या दशकात लक्षात आलं. फरक साधारण एक सेंटिमीटरचा, पण सूत्रातला गुणक २.५२. म्हणजे ट्रॉटरनेच लिहून ठेवल्याप्रमाणे घोट्यासकट नीट मोजणाऱ्याचंच उत्तर अडीच सेंटिमीटरने चुकत होतं.