ताळा म्हणजे अविश्वास नव्हे

‘विश्वास पानिपतात गेला’ असे आपल्या घरांतून अजूनही थट्टेने म्हटले जाते. परंतु ही थट्टा एखाद्या दुकानाच्या गादीवर खरी ठरते, तेव्हा हसू येत नाही.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे हैदराबादेत लोखंडी सामानाचे दुकान आहे. वडिलांच्या वेळचे दिवाणजी तेथे वसुलीही करीत आणि खातेवहीही लिहीत. घरात सारे त्यांना काका म्हणत. बारा वर्षांत त्यांनी सलग चार दिवसांची रजा घेतली नव्हती, आणि त्याचे सर्वांना कौतुक होते. मागे ते आजारी पडून पंधरा दिवस घरी राहिले. मालकाने थकबाकीदारांना दूरध्वनी केले, तेव्हा तिघांनी सांगितले, ‘पैसे केव्हाच दिले, काकांची पावती आहे आमच्याकडे.’

युक्ती जुनीच होती. एका गिऱ्हाइकाची रोकड खिशात घालायची, दुसऱ्याची आली की ती पहिल्याच्या नावे जमा करायची, तिसऱ्याची दुसऱ्याच्या नावे. ही साखळी रोज सांभाळावी लागते. म्हणूनच रजा घेता येत नाही.

हैदराबादकरांनी याहून फार मोठे प्रकरण पाहिले आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्राने कबूल केले की, सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. प्रारंभी किरकोळ असलेली तफावत वर्षानुवर्षे वाढत गेली, असेही त्यांनी लिहिले. बँकेतील शिल्लक ताडून पाहणे हे तर हिशेबातील सर्वांत सोपे काम! परंतु ही खातरजमा लेखापरीक्षकांनी थेट बँकेकडून न करता कंपनीच्याच हातून होऊ दिली, असा ठपका अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ साली ठेवला. दुकान लहान असो वा कंपनी मोठी, ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातून कागद घेतला, तर ती तपासणी नव्हेच.

आमचा विद्यार्थी संतापून काकांच्या दारी निघाला होता. आम्ही त्याला थांबविले. आधी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, रोकडवही आणि खातेवही कुलूपबंद करावयास लावली. बँकेचा उतारा त्याने स्वतः शाखेतून आणला, गिऱ्हाइकांकडून येणे-बाकी लेखी मागविली आणि बाहेरच्या सनदी लेखापालाकडून ताळा करविला. मगच, चारचौघांत नव्हे तर दोन जाणत्या माणसांसमक्ष, काकांना विचारले. काका रडले, त्यांनी सारे स्वहस्ते लिहून दिले. नोकराने केलेला असा अपहार हा दखलपात्र गुन्हा आहे. पोलिसांत जावे की न जावे, हा निर्णय मालकाचा. परंतु कागद हाती असल्यावाचून त्या निर्णयाला अर्थ राहत नाही.

धंदा सावरणे हेही तितकेच निकडीचे असते. सत्यममध्ये सरकारने काही दिवसांतच जुने संचालक मंडळ दूर करून नवे संचालक नेमले, आणि एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राची निवड झाली. कंपनीचे काम चालू राहिले, म्हणून हजारो चुली विझल्या नाहीत.

आता त्या दुकानात वसुली एकजण करतो, वही दुसरा लिहितो. महिन्यातून एकदा मालक स्वतः बँकेचा उतारा ताडतो. प्रत्येकाला वर्षातून पंधरा दिवस सक्तीची रजा असते, आणि त्या काळात त्याचे काम दुसरा पाहतो.

विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, ‘गुरुजी, यात माणसावरचा विश्वास कोठे राहिला?’ आम्ही म्हटले, बारा वर्षांत वर्षातून एकदा जरी कोणी वही उघडून पाहिली असती, तर पहिल्या शंभर रुपयांवरच काकांचा हात थांबला असता. वही व तिजोरी दोन्ही त्यांच्या एकट्यावर सोपवून आपण त्यांनाही मोहाच्या वाटेवर एकटे सोडले. ताळा प्रामाणिक माणसाचे नाव राखतो आणि डळमळणाऱ्याला सावरतो.