ब्रिटनमधील हाय स्ट्रीटचा ऱ्हास : नित्याच्या कुरकुरीचा अर्थशास्त्रीय विचार

ब्रिटनमधील लहानमोठ्या गावांत मुख्य पेठेच्या रस्त्यास 'हाय स्ट्रीट' असे म्हणतात. खाटिकाचे दुकान, पाववाला, औषधविक्रेता, कापडदुकान, बँक आणि टपालकचेरी ही सर्व ज्या एका रस्त्यावर शेजारी शेजारी असत, तो हा रस्ता होय. गेली काही दशके या रस्त्याविषयी बसच्या थांब्यावर, न्हाव्याच्या दुकानात आणि स्थानिक वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रव्यवहारात एकाच सुराची बोलणी आढळतात. पेठेत आता काही राहिले नाही. गाडी उभी करावयासही पैसे मोजावे लागतात. बँक गेली आणि तिच्या जागी पैजांचे दुकान आले. उरलेल्या जागांत धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकाने आहेत. आणि ज्या जागा रिकाम्या आहेत त्यांचे भाडे लोभी मालक उतरवीत नाहीत, अशी ही कुरकुर असते.

या कुरकुरीत दोन भिन्न गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. एक निदान असते आणि दुसरी साक्ष असते. निदान बहुधा अपुरे असते, कारण दृष्टीस पडणाऱ्या शेवटच्या भाडेकरूस ते दोष देते. साक्ष मात्र खरी असते, कारण किंमतींच्या हिशेबात कोठेही न नोंदलेल्या एका हानीची ती नोंद असते. प्रस्तुत लेखात या दोहोंचा क्रमाने विचार केला आहे.

तक्रार जुनीच

पेठ बिघडली ही तक्रार प्रत्येक पिढीने केलेली आहे. तिचा रोख मात्र प्रत्येक वेळी निराळा होता. एकोणिसाव्या शतकात सहकारी भांडारांमुळे आपला धंदा बुडेल अशी ओरड खाजगी दुकानदार करीत. विसाव्या शतकात ती ओरड साखळी दुकानांविरुद्ध वळली. वूलवर्थ या अमेरिकन कंपनीने ब्रिटनमधील आपले पहिले दुकान १९०९ मध्ये लिव्हरपूल येथे उघडले. तीन व सहा पेन्सांच्या ठराविक किंमतींत नानाविध जिन्नस तेथे मिळत. अशा दुकानांनी स्थानिक दुकानदारास देशोधडीस लावले असे त्या काळी म्हटले जाई. पुढे हीच कंपनी अडचणीत आली व तिची आठशेहून अधिक दुकाने डिसेंबर २००८ ते जानेवारी २००९ या अल्पावधीत बंद झाली. तेव्हा जी हळहळ व्यक्त झाली तीत हे दुकान म्हणजे पेठेचा आत्माच होता असा सूर उमटला. ज्याच्या आगमनाने पेठ बिघडली त्याच्याच जाण्याने ती उजाड झाली, असा हा विरोधाभास आहे.

यावरून तक्रार निरर्थक ठरत नाही. दुकान कोणाचे आहे हा प्रश्न लोकांस कालांतराने गौण वाटतो, आणि आपल्या पायाखालच्या रस्त्यावर ते आहे की नाही हा प्रश्न महत्त्वाचा राहतो, एवढाच तिचा बोध आहे.

फेऱ्या कमी कशा झाल्या

पेठेचे खरे भांडवल म्हणजे तेथील वर्दळ. पाव घेण्यास आलेले गिऱ्हाईक जाताजाता औषध घेते, बँकेत डोकावते आणि खिडकीत मांडलेला सदरा पाहून थबकते. प्रत्येक दुकान शेजाऱ्याने आणलेल्या गिऱ्हाइकावर अंशतः जगते. म्हणून पेठेचा विचार सुट्या दुकानांचा करून भागत नाही. तो त्यांना जोडणाऱ्या फेऱ्यांचा करावा लागतो.

या फेऱ्या टप्प्याटप्प्याने ओसरल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वयंसेवेची पद्धत रूढ होऊ लागली; सेन्सबरी या कंपनीने १९५० मध्ये क्रॉयडन येथे तसे दुकान उघडले. त्यायोगे चार दुकानांतील खरेदी एका छपराखाली आली. १९६४ च्या कायद्याने उत्पादकास किरकोळ विक्रीची किंमत बांधून देण्यास सामान्यतः मनाई झाली. तोपर्यंत बांधील किंमतींच्या आडोशास लहान दुकानदार मोठ्याशी बरोबरी करू शके. आता मोठ्या खरेदीदारास मालाची किंमत उतरविण्याची मोकळीक मिळाली. गिऱ्हाइकाचा लाभ उघड होता. लहान दुकानदाराची हानी मात्र सावकाश उमगली.

याच काळात मोटारी वाढल्या. १९५१ च्या सुमारास सात कुटुंबांतून एकाकडे मोटार असे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील मोटार नसलेल्या कुटुंबांचे प्रमाण शेकडा २३.५ भरले. मोटारवाल्या गिऱ्हाइकासाठी गावाबाहेर प्रचंड बाजारसंकुले उभी राहिली. गेट्सहेड येथील मेट्रोसेंटर १९८६ मध्ये, शेफील्डजवळील मेडोहॉल १९९० मध्ये आणि केंट परगण्यातील ब्लूवॉटर १९९९ मध्ये सुरू झाले. मध्य इंग्लंडमधील डडली या गावाचे उदाहरण विशेष बोलके आहे. तेथील राऊंड ओक पोलाद कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. त्या परिसरास उद्योगवाढीसाठी सरकारने जी सवलतीची क्षेत्रे आखली होती त्यांचा लाभ मिळाला व तेथे मेरी हिल हे बाजारसंकुल उभे राहिले. अशा क्षेत्रातील व्यावसायिक जागांस दहा वर्षे स्थानिक कर माफ असे. त्यामुळे थोड्याच अंतरावरील डडलीच्या पेठेतील दुकानदार कर भरीत होता आणि त्याचा प्रतिस्पर्धी करमुक्त होता. मोठी दुकाने पेठ सोडून तिकडे गेली यात नवल नाही.

गाडी उभी करण्याच्या आकाराविषयीची कुरकुर येथूनच निघाली. बाजारसंकुलात गाडी फुकट उभी राहते, कारण वाहनतळाचा खर्च दुकानांच्या भाड्यात मिसळलेला असतो. पेठेत तोच खर्च गिऱ्हाइकास सुटा दिसतो आणि म्हणून टोचतो. १९९६ मध्ये सरकारने नगरनियोजनाचे धोरण कडक केले व नवी दुकाने प्रथम गावाच्या मध्यभागी शोधावीत असा दंडक घातला. परंतु तोवर अनेक मोठी संकुले उभी राहून गेली होती.

शेवटचा टप्पा इंटरनेटवरील खरेदीचा. ब्रिटनच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे २००६ च्या अखेरीस एकूण किरकोळ विक्रीत तिचा वाटा शेकडा तीनहूनही कमी होता. कोविडच्या साथीत, २०२१ च्या आरंभी, तो एकतृतीयांशाच्या पुढे गेला आणि पुढे काहीसा उतरून एकचतुर्थांशाच्या आसपास स्थिरावला. बीएचएस २०१६ मध्ये, डेबेनहॅम्स २०२१ मध्ये आणि विल्को २०२३ मध्ये बंद झाली. तथापि या दुकानांच्या अंतास केवळ इंटरनेट कारण झाले असे मानणे म्हणजे पहिले तीन टप्पे विसरणे होय.

भाडे व कर का उतरत नाहीत

गिऱ्हाईक कमी झाले की जागेची मागणी घटावी, भाडे उतरावे आणि नवा दुकानदार यावा, असा बाजाराचा सर्वसाधारण नियम आहे. पेठेत हा नियम अडखळतो. त्याची कारणे कराराच्या व कराच्या रचनेत आहेत.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये दुकानांचे भाडेपट्टे दीर्घ मुदतीचे, बहुधा पंचवीस वर्षांचे, असत. दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार होई, पण तो केवळ वरच्या दिशेने. बाजारभाव कितीही घसरला तरी पूर्वीचे भाडे कायम राही. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या दुकानांचे भाडे वाढू शकत नसे. ब्रिटनमध्ये ते कमी होऊ शकत नसे. रोग उलट दिशेचे असले तरी दोहोंत किंमतीचा बाजारातील वस्तुस्थितीशी संबंध तुटलेला होता.

शिवाय इमारतीचे मूल्य तीतील ठरलेल्या भाड्यावरून काढले जाते, आणि त्या मूल्यावर कर्ज उभारलेले असते. एका दुकानाचे भाडे उतरविले तर शेजारच्या दुकानांच्या भाड्यासही तोच दाखला होतो व साऱ्या मालमत्तेचे मूल्य कागदावर खाली येते. म्हणून मालक नव्या भाडेकरूस काही महिने भाडे माफ करतो, पण करारातील आकडा उतरविण्यास नाखूष असतो. अशा मालकांत विमाकंपन्या व निवृत्तिवेतन निधी यांचाही समावेश असतो. रिकाम्या दुकानासमोर उभा राहून मालकास बोल लावणाऱ्या वृद्धाचे निवृत्तिवेतन कदाचित त्याच मालमत्तेतून येत असेल.

कराची गोष्ट याहून उघड आहे. व्यावसायिक जागांवरील कर त्यांच्या अंदाजित वार्षिक भाड्यावर आकारला जातो व गेल्या दशकात त्याचे प्रमाण त्या भाड्याच्या सुमारे निम्मे होते. इंग्लंडमध्ये २०१० चे मूल्यांकन एप्रिल २००८ च्या, म्हणजे मंदी कोसळण्यापूर्वीच्या, भाड्यांवर आधारलेले होते. पुढील मूल्यांकन २०१५ मध्ये व्हावयाचे होते. ते २०१७ पर्यंत लांबविण्यात आले. परिणामी ज्या गावांत भाडी घसरली होती तेथील दुकानदारांनी सात वर्षे तेजीच्या काळातील भाड्यांवर कर भरला. २०२३ पासून मूल्यांकन दर तीन वर्षांनी करण्याचे ठरले, ही या अनुभवाचीच कबुली म्हटली पाहिजे.

रिकाम्या जागी कोण आले

आता धर्मादाय दुकानांविषयीच्या तक्रारीकडे पाहता येते. मुख्यतः देणगीदाखल आलेला माल विकणाऱ्या धर्मादाय दुकानास वरील करात शेकडा ८० सूट कायद्यानेच मिळते. उलट २००८ पासून इंग्लंडमध्ये दुकानाची जागा तीन महिन्यांहून अधिक काळ रिकामी राहिल्यास मालकास सामान्यतः पूर्ण कर द्यावा लागतो. कर टाळू पाहणारा मालक आणि स्वस्त जागा शोधणारी संस्था यांची गाठ पडणे स्वाभाविकच होते. धर्मादाय दुकानाने कोणास हुसकावले नाही. इतर कोणी न घेतलेली जागा त्याने घेतली.

पैजांच्या दुकानांची कथा निराळी आहे. २००५ च्या जुगारविषयक कायद्याने एका दुकानात अधिक बोली घेणारी चारच यंत्रे ठेवण्याची मर्यादा घातली. अधिक यंत्रे हवी असतील तर अधिक दुकाने उघडणे हाच मार्ग उरला. त्यात इंग्लंडच्या नियोजन नियमांत २०१५ पर्यंत बँक व पैजांचे दुकान एकाच वर्गात मोडत असल्याने बंद झालेल्या बँकेच्या जागी ते उघडण्यास वेगळी परवानगी लागत नसे. या यंत्रांवरील एका खेळाची कमाल बोली २०१९ मध्ये १०० पौंडांवरून २ पौंडांवर आणली गेली, तेव्हा अशी अनेक दुकाने आपोआप बंद झाली. नागरिकांस रस्त्याची अवनती म्हणून जे दिसत होते, ते बऱ्याच अंशी नियमांच्या शब्दरचनेचे फळ होते.

कुरकुर करणारा स्वतः खरेदी का करीत नाही

पेठेसाठी हळहळणाऱ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो स्वतःच गावाबाहेर किंवा घरबसल्या खरेदी करतो. मग त्याची हळहळ ढोंगी नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान यांच्या १९६६ मधील एका निबंधात सापडते. लहान निर्णयांची जुलूमशाही असे वर्णन त्यांनी या प्रकाराचे केले. त्यांचे उदाहरण इथाका गावच्या आगगाडीचे होते. हवा चांगली असली की लोक मोटारीने वा विमानाने जात; वादळी हवेत मात्र खात्रीचे साधन म्हणून गाडी असावी असे त्यांस वाटे. गाडी हाताशी असण्याचे मोल त्यांच्या लेखी होते, पण तिकीट केवळ प्रत्यक्ष प्रवासाचे काढावे लागे. हाताशी असण्याचे पैसे कोणी कधी मागितलेच नाहीत, म्हणून उत्पन्न अपुरे पडून गाडी बंद झाली. ती बंद करावी काय, असा प्रश्न लोकांपुढे कधी आलाच नव्हता.

पेठेचेही असेच आहे. दोन पौंड वाचविण्यासाठी दुसरीकडे केलेल्या एका खरेदीने दुकान बुडत नाही, आणि एकट्याने निष्ठेने तेथे खरेदी केल्याने ते तरतही नाही. म्हणून प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो आणि सर्वांच्या निर्णयांची बेरीज कोणासच नको असलेली निघते. तेव्हा कुरकुर करणाऱ्यास ढोंगी म्हणणे न्याय्य नाही. दुकानाच्या गल्ल्यावर ज्या गोष्टीचे मोल घेतले जात नाही, तिचे मोल तो शब्दांनी सांगत असतो.

हानी कोणाची

ही हानी सर्वांवर सारखी पडत नाही. ज्याच्याकडे मोटार आहे आणि इंटरनेटची सवय आहे त्याला केवळ एक सोय गमावल्यासारखे वाटते. मोटार नसलेली कुटुंबे, वृद्ध, अपंग आणि रोखीने व्यवहार करणारे यांना बँकेची शाखा बंद होणे म्हणजे बसने दुसऱ्या गावी जाणे असते. एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रीला पाव घेण्याच्या निमित्ताने चार माणसे भेटत. पाव आता घरपोच येतो, माणसे येत नाहीत. या भेटीगाठींची किंमत पावाच्या किंमतीत कधीच धरलेली नव्हती, म्हणून त्या नाहीशा झाल्याचेही कोणत्याही खात्यात उतरले नाही.

उपाययोजनेचे प्रयत्न अनेक झाले. मेरी पोर्टास यांनी सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल डिसेंबर २०११ मध्ये २८ शिफारशींसह प्रसिद्ध झाला व निवडक गावांस थोडे अनुदान मिळाले. डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधील स्थानिक संस्थांस दीर्घकाळ रिकाम्या असलेल्या दुकानांचे भाडेहक्क लिलावाने देण्याचा अधिकार प्राप्त झाला. भाड्याच्या केवळ वरच्या दिशेने होणाऱ्या फेरविचारास नव्या करारांत बंदी घालण्याची तरतूद २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात करण्यात आली. यांतील शेवटचे दोन उपाय अनुदानापेक्षा अधिक मुळाशी जाणारे आहेत, कारण ते अडखळलेली किंमत पुन्हा हलती करू पाहतात.

तथापि भाडे उतरले म्हणून गेलेल्या फेऱ्या परत येतील असे नाही. लोकांस पेठेत आणणारी कारणे आता खरेदीखेरीज अन्य असावी लागतील. ग्रंथालय, दवाखाना, टपालकचेरी व बसचा थांबा कोठे असावा याचे निर्णय याच कारणाने दुकानांच्या भवितव्याशी निगडित आहेत. सरकारी सेवा स्वस्त जागेच्या शोधात गावाबाहेर हलविली की जी बचत दिसते तिच्या मागे पेठेतील घटलेल्या फेऱ्यांचा खर्च असतो, आणि तोही कोणी मांडीत नाही. असे निर्णय घेणाऱ्या मंडळींनी बसच्या थांब्यावरील कुरकुर निदान म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. साक्ष म्हणून मात्र ती नोंदवून घेतली पाहिजे, कारण या हानीचा दुसरा साक्षीदार क्वचितच मिळतो.