चित्रांचें रूपांतर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे झालेल्या भूकंपांत माकणीच्या आसमंतांतील सास्तूरसारखीं गांवें जमीनदोस्त झालीं. ज्या कुटुंबांपाशीं त्यापूर्वींचें वडील माणसांचें एखादेंच छायाचित्र उरलें आहे, तेथें तें संगणकांत उतरविण्याचें काम बहुधा शाळेंत जाणाऱ्या मुलाकडेच येतें; म्हणून त्याचें मर्म आम्ही येथें सांगतों.

संगणकांतील चित्र म्हणजे रंगाच्या सूक्ष्म ठिपक्यांची नोंद होय. पीएनजी प्रकारांत ती नोंद घडी घातलेल्या लुगड्याप्रमाणें आटोपशीर होते व उलगडतांच पूर्ववत् दिसते. १९९२ सालीं प्रमाण ठरलेली जेपेग् पद्धति याहून धूर्त आहे. आठ ठिपके लांब व आठ रुंद असे चौकोन पाडून ती डोळ्यांस सहसा न जाणवणारा बारकावा टाकूनच देते. टाकलेलें परत येत नाहीं. जेपेगचें पीएनजी केल्यास फाइल तेवढी फुगते. आजोबांच्या पटक्याची पुसटलेली कड उजळत नाहीं, मग दुकानदार कांहींही म्हणो.

यास्तव मूळ प्रत पीएनजींत ठेवावी, आणि नातलगांस धाडावयाचें लहान जेपेग् दर खेपेस तिजवरूनच करावें. जेपेग् उघडून, बदलून, पुनः जेपेग् करीत गेल्यास प्रत्येक वेळीं थोडी झीज होते. व्हॉट्सअ‍ॅपनें आलेली प्रत तर मूळ समजूंच नये. ती सहसा वाटेंतच आकसलेली असते.