घरगुती फिंगरस्टाइल गिटारसाठी पिकअपची निवड

नागझिरा अभयारण्यालगतच्या चोरखमाऱ्यासारख्या शांत गावात, घरीच बोटांनी छेडल्या जाणाऱ्या अकूस्टिक गिटारसाठी पिकअप, म्हणजे कंपनांचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारे उपकरण, निवडताना रंगमंचाचे निकष बाजूला ठेवणे इष्ट ठरते. मंचावर स्पीकरचा आवाज वाद्यात परत शिरून फीडबॅकची शिट्टी उमटते, म्हणून तेथे सॅडलखाली, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली, बसवलेला पिझो पिकअप सोयीचा ठरतो; दाब पडताच स्फटिकात विद्युतदाब निर्माण होतो, या पिएर व झाक क्युरी यांनी १८८० मध्ये दाखवून दिलेल्या गुणधर्मावर तो चालतो, परंतु तार जोराने ओढली असता त्याचा नाद कोरडा आणि चिरका होतो.

घरात आवाजाची पातळी कमी असल्याने ही तडजोड अनावश्यक आहे. ब्रिजखाली, पेटीच्या आतून चिकटवलेला काँटॅक्ट पिकअप वरच्या फळीचेच कंपन टिपतो, त्यामुळे नखाचा स्पर्श, अंगठ्याचा खर्ज आणि लाकडावरील हलकी थाप हे फिंगरस्टाइलचे खरे वैभव त्यात उतरते, आणि म्हणूनच त्याला प्रथम पसंती द्यावी. तो चिकटवण्यापूर्वी जागा बदलत नाद तपासावा, कारण थोड्याशा अंतरानेही खर्ज व तार स्वरांचा समतोल बदलतो. साउंडहोलमधील चुंबकीय पिकअप पोलादी तारांचीच कंपने ओळखतो, नायलॉनच्या तारांना तो निरुपयोगी होय.

काँटॅक्ट पिकअपही बहुधा पिझोच असतो; बॅटरीविना चालणाऱ्या अशा पिझोला सुमारे १ मेगाओहम किंवा अधिक इनपुट इम्पिडन्सचा, म्हणजे विद्युतप्रवाहास तितका विरोध करणारा, प्रीअँप (संकेत प्रबळ करणारे उपकरण) जोडावा, अन्यथा खर्ज क्षीण होतो.