थंडी डोळ्यांची, वसंत कानांचा

मार्गशीर्षातली सकाळ. ऊन अंगणात उतरलेले असते. पण गुडघे आखडलेले असतात आणि बाहेर पडण्याचा उत्साह मावळलेला असतो. अशा दिवसांत घरातील ज्येष्ठांची खुर्ची दूरचित्रवाणीसमोरून उचलून खिडकीपाशी ठेवून पाहा. पक्षिनिरीक्षणासाठी रान आणि दुर्बीण हवीच असे नाही. समोरचे एखादे झाडही पुरते.

थंडीचे महिने डोळ्यांचे. उत्तरेकडून आलेला धोबी शेपटी खालीवर हलवीत हिरवळीवर तुरुतुरु धावतो. वेडे राघू तारेवर ऊन खात बसतात आणि मध्येच झेपावून हवेतच कीटक टिपतात. माघ-फाल्गुनात काटेसावर, पांगारा, पळस फुलले, की मधासाठी मैना, बुलबुल, शिंजीर यांची झुंबड उडते. मध्य आशियाकडून आलेल्या गुलाबी-काळ्या भोरड्याही त्यांत असतात. फांद्यांवर पाने नसल्याने हे पाहुणे मंद दृष्टीलाही सापडतात. प्रवास झेपत असेल, तर उजनी जलाशयाकाठी भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे जरूर पाहावेत.

वसंत मात्र कानांचा. हिवाळाभर अबोल असलेला दयाळ पहाटे शीळ घालू लागतो, तांबट ‘टुक टुक’ ठोके देतो, कोकिळाचा स्वर दिवसेंदिवस चढत जातो. नजर अधू असेल, तर डोळे मिटून हे आवाज ओळखावेत.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. वयोमानानुसार श्रवणशक्ती घटते, तेव्हा बहुधा उंच पट्टीतले आवाज आधी हरवतात. भारद्वाजाचा घुमणारा ‘हूप हूप’ ऐकू येतो. पण नातवंडांना ऐकू येणारी शिंजिराची बारीक चिवचिव आजोबांना येत नाही, असे आढळल्यास कानांची तपासणी करून घ्यावी. ‘हल्ली पक्षी येईनासे झाले’ ही तक्रार कधी कधी कानांचीच असते.

थोडी काळजीही हवी. ऊन चढल्यावर, डोके व कान झाकून बाहेर बसावे. मान मागे टाकून शेंड्याकडे टक लावल्यास चक्कर येऊन तोल जाऊ शकतो. म्हणून पाठीला आधार असलेली खुर्ची घ्यावी. कबुतरांना दाणे घालू नयेत. त्यांच्या विष्ठेची व पिसांची धूळ फुप्फुसांना अपाय करते. त्याऐवजी उथळ भांड्यात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे.

शेवटी, एक वही घाला. तारीख, पक्षी आणि ‘दिसला’ की ‘ऐकला’, एवढेच टिपायचे. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आपल्या राज्यात साजरा होतो. पण वहीसाठी तोवर थांबण्याचे कारण नाही. शुश्रूषा करणाऱ्यांनी संध्याकाळी ‘गोळ्या घेतल्या का?’ या प्रश्नापाठोपाठ ‘आज कोण कोण आले होते?’ असेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे असते. ते सवडीने ऐकावे.